एक नग उशी

पोलीस लायनीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. नळाखाली घागर लावायची आणि उभं राहायचं. घागर भरायच्या आत दोन किस्से होतात, आणि आमच्या लायनीचा नळ असा, की उन्हाळ्यात चार होतात! लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, पोलिसांच्या बायका चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी सांगत असतील. तसं काही नाही. गोष्टी सगळ्या कागदांच्या. कोणता कागद हरवला, कोणता उलटा लागला, कोणाची सही कुठे पडली.

ठाण्याचं नाव सांगत नाही. मेडशीहून वाशीमकडे येणारी एस.टी. जिथे जरा जास्तच वेळ थांबते, तिथलं समजा. आमच्या ह्यांची नोकरी अजून शिल्लक आहे. हे त्या ठाण्याचे रायटर, म्हणजे लिखापढीचा शिपाई. जमादाराची बायको जशी जमादारीणबाई, तशी मी आल्या दिवशीच रायटरीणबाई झाले. नाव विचारायची गरज कोणाला पडली नाही. मी बोलते कमी. कमी बोलणाऱ्या माणसासमोर लोक फार बोलतात, हा माझा अनुभव.

*

जप्ती असो, झडती असो, जागेवर दोन पंच लागतात. त्यांच्यासमोर जे दिसलं ते लिहायचं आणि खाली त्यांची सही घ्यायची. तो पंचनामा. आता पंच व्हायला येतं कोण? कोर्टाच्या खेपा कोणाला पाहिजेत? म्हणून आमच्या ठाण्याचे पंच ठरलेले. समोर पानठेला, त्याला लागून टेलरचं दुकान. पानठेल्यावाल्याचा अंगठा आणि मनोहर टेलरची सही.

मनोहर टेलर म्हणजे अख्ख्या ठाण्याची खाकी शिवणारा माणूस. चाळिशीला टेकलेला, बारीक, कानावर खडू. त्याच्या जोडीला दत्तू. दत्तू मूळचा आसेगावचा. काज-बटण तो करायचा, हातशिलाई तो करायचा, आणि दुकानामागच्या खोलीत दोघांचा स्वयंपाकही तोच करायचा. कोणी म्हणे मावसभाऊ, कोणी म्हणे आतेभाऊ. नऊ वर्षं दोघं एकत्र राहत होते, लग्न कोणाचंच नव्हतं, आणि गावाला त्याचं काही नव्हतं. कारण दत्तूनं केलेलं काज कधी उसवत नसे.

तर एकदा एका वकिलाच्या ध्यानात आलं, की मनोहर टेलर एकाच दिवशी, एकाच वेळी, मेडशीच्या नाल्यात दारूच्या भट्टीवर पंच होता आणि गावात सायकलचोराच्या घरीही पंच होता. मधे सात-आठ कोसांचं अंतर! वकिलानं भर कोर्टात विचारलं, "तुम्ही एकाच वेळी दोन्हीकडे कसे काय?"

मनोहर हात जोडून म्हणाला, "साहेब, सरकारी काम अर्जंट रायते!"

*

सायकलचोर सुटला. पण ठाण्याची पद्धत काही सुटली नाही. उलट जमादारांनी डोकं लढवलं. दर वेळी दुकानात जाऊन सही आणायची, त्यात वेळ जातो. म्हणून कोऱ्या कागदांचा गठ्ठाच मनोहरकडे पाठवला. खाली अंगठा, त्याच्या बाजूला सही. वरचा कागद कोरा. लागेल तसा भरायचा!

आणि भरायची कोण? तर मी.

ह्यांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं. रिठदच्या शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालेलं. लग्नाला महिना झाला नव्हता, हे कच्चा मसुदा आणि गठ्ठ्यातला एक कागद घेऊन आले. म्हणाले, "एवढं साजऱ्या अक्षरात उतरवून दे."

मी कागद पाहिला. म्हटलं, "अहो, वर काहीच नाई, अन् खाली सही कशी?"

"तू वरचं लिव. खाली पाऊ नको."

"पण..."

"अवं, खालच्याशी तुले काय करायचं हाय?"

नवी नवरी होते. खाली पाहणं सोडलं. पुढे तर ती सही मला दिसेनाशीच झाली. कागदाला समास असतो, तशी ती असायची. सही मात्र सुरेख होती. 'मनोहर'च्या शेवटच्या अक्षराला एक लांब शेपूट, सुईतून दोरा निसटावा तशी.

*

महिनाअखेरीला केसेस कमी पडल्या, की एकशे दहा कलम. सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. ह्या कलमाला ना चोरी लागते, ना मारामारी. एक माणूस आणि एक सार्वजनिक ठिकाण, बस!

चंदा बसस्टँडवर असायची. जन्मली मुलगा म्हणून, राहायची बाईसारखी. लोक तिला जे म्हणत ते मी लिहीत नाही. दर महिन्याला तिला एकदा तरी धरून आणत. एकदा वाशीमच्या कोर्टात नवे मॅजिस्ट्रेट होते. त्यांनी शिपायाला विचारलं, "असभ्य वर्तन म्हणजे नेमकं काय केलं यांनी?"

शिपाई म्हणाला, "उभी होती साहेब."

"उभं राहणं असभ्य कसं?"

"साहेब, तिचं उभं राहनं!"

कोर्ट हसलं. चंदाही हसली. दंड मात्र झाला, कारण पंचनामा चोख होता. अक्षर माझं, सही मनोहरची.

परत आल्यावर चंदा सरळ त्याच्या दुकानासमोर उभी राहिली. मी पोलकं न्यायला गेले होते. मला वाटलं, आता शिव्या देते. ती नुसतं म्हणाली, "मनोहर, तुही सही लय साजरी हाय रे. मॅजिस्ट्रेट बी पाहून राह्यला होता." आणि निघून गेली.

दत्तूनं माझ्या पोलक्याला हूक लावता लावता मान वर न करता विचारलं, "काहून केली सही?"

मनोहर मशीनवर होता. पाय थांबवून म्हणाला, "नसती केली, तं इचारलं असतं, काहून नाई केली."

दत्तूनं दोरा दातानं तोडला. मला म्हणाला, "घ्या बाई, झालं."

*

अर्जाचा किस्सा. मेडशीला मनोहरचा थोरला भाऊ होता. दुकानाची जागा बापाच्या नावाची, आणि मनोहर तिथून हलत नव्हता. भावानं तीन मुली सांगून आणल्या. मनोहरनं तिन्ही वेळा पाहुण्यांना चहा पाजला, त्यांच्या मुलांच्या चड्ड्या फुकट शिवून दिल्या आणि नाही म्हणून सांगितलं. मग ठाण्यात एक निनावी अर्ज आला. "सदर टेलर व त्याचा साथीदार हे एका खोलीत अनैतिक रीतीने राहत असून सार्वजनिक नीतिमत्तेस धोका आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी."

खाली नाव नव्हतं. निनावीच अर्ज तो! पण त्याखाली ओळ होती: "कारवाई काय झाली ते मेडशी येथील खालील पत्त्यावर कळवावे."

लायनीत तीन दिवस हसणं पुरलं. जमादारीणबाईंनी तर नळावर नक्कल करून दाखवली. आम्हा सगळ्यांना वाटलं, संपलं.

पण फौजदारसाहेब नवे होते. त्यांना हसू आलं नाही.

*

धाड भर दुपारी दोन वाजता पडली. जेवण करून दुकानाचं दार ओढून घेतलं होतं. जमादार पुढे. त्यांच्या अंगावरची पँट मनोहरनं आदल्या आठवड्यात शिवलेली. दार वाजवलं, आतून आवाज आला, "चार वाजता या, इस्त्री बाकी हाय!"

दार ढकललं. खोलीत एक वाकळ अंथरलेली, दोघं तिच्यावर आडवे. दत्तूला झोप लागलेली. बस, एवढंच. पण अनैसर्गिक गुन्ह्याची केस करायची तर काहीतरी जप्त करायला पाहिजे. जमादारांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चूल, दोन ताटल्या, बटणांचा डबा. मग त्यांना सापडलं.

"दोन मानसं," जमादार ओरडले, "अन् उशी एकच!"

दत्तू उठून बसला होता. म्हणाला, "दोन असत्या तं सोडलं असतं का साहेब?"

त्याच्या कानफटात बसली. उशी जप्त झाली. मुद्देमाल, एक नग उशी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, वापरलेली.

नळावर बायका कुजबुजत होत्या. जमादारीणबाईंनी घागर उचलली आणि म्हणाल्या, "आमच्या घरी उश्या दोन हायेत. मानूस आठ दिवसांतून एकदा घरी येते. आमच्यावर लावा म्हना कलम!" त्यानंतर मात्र कोणी हसलं नाही.

*

त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. मी विचारलं, "किती सजा असते?"

"तीनशे सत्त्याहत्तर. धा वर्षं. नाई तं जन्मठेप."

"खुनाले असते तेवढी?"

"हो."

"त्यायनं कोनाचं काय केलं पण?"

"कोनाचं काई नाई."

"मंग फिर्याद कोनाची?"

"सरकारची."

"सरकारले कुठं लागलं?"

 लग्नानंतर मी एका दमात एवढी कधी बोलले नव्हते. मग ह्यांनी पिशवीतून कच्चा मसुदा काढला, गठ्ठ्यातला कागद काढला आणि म्हणाले, "सकाळी पायजे. साहेबानं घाई लावली हाय."

घाई अशी, की जागेवर पंच कोणी नेलेच नव्हते. धाडीच्या वेळी जमादारांनी सवयीनं हाक मारली होती म्हणे, "अरे, मनोहरले बोलवा!" आणि मग त्यांनाच आठवलं, मनोहर समोर हात बांधून उभा आहे. पण हाक आठवली, तरी गठ्ठ्यावरची सही त्याचीच आहे हे कोणाला आठवलं नाही. ह्यांना तर नाहीच. ह्यांच्या लेखी ती सही म्हणजे समासच.

मी बसले. मसुदा डावीकडे, कागद उजवीकडे. "आम्ही खालील सह्या करणारे पंच, बोलावल्यावरून जागेवर हजर झालो असता..." मसुद्यात लिहिलं होतं, दार उघडंच होतं. खोली रस्त्यावरून दिसत होती. मी त्या दुकानात चार वेळा गेले होते. रस्त्यावरून तिथे शिवणयंत्रसुद्धा दिसत नसे.

मग आरोपी क्रमांक एकचं नाव आलं. मनोहर. ते लिहिलं आणि पहिल्यांदा माझी नजर खाली गेली. तिथे शेपूट होतं, सुईतून निसटलेल्या दोऱ्यासारखं.

हे बाजूलाच बसले होते. नुसतं बोट ठेवलं असतं, तरी पुरलं असतं. दुसरा कागद, दुसरा पंच, दहा मिनिटांचं काम. मला कायदा कळत नव्हता, आजही कळत नाही. मी दौतीत टाक बुडवला आणि पुढची ओळ लिहिली. त्या पंचनाम्याइतकं सुंदर अक्षर माझं पुन्हा कधी आलं नाही.

*

केस उभी राहीपर्यंत बरंच झालं. दोघं कोठडीत होते तेव्हा दत्तूचे भाऊ आसेगावहून आले. त्याला सोडवायचं तर तहसिलीत चांगल्या वर्तणुकीचा बॉन्ड, म्हणजे हमीचा कागद, द्यावा लागेल, असं ठरलं. तीन वर्षं सदर मनोहरसोबत एका छपराखाली राहणार नाही, त्याच्या दुकानात जाणार नाही, भेटणार नाही. दत्तू दोन दिवस सही करीना. तिसऱ्या दिवशी जमादार म्हणाले, "तू सही कर, तं त्याचाबी जामीन होते."

त्यानं लगेच केली. त्याला लिहिता येत नव्हतं, अंगठा दिला. बॉन्डची नक्कल माझ्याच अक्षरात आहे. त्यावर पंचाची सही लागत नाही. तिथे मला काहीच करता आलं नाही.

दत्तू भावांमागे एस.टी.त चढला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशाला सुई टोचलेली होती. धाडीच्या दिवशी जेवणाआधी कोणाचं तरी बटण लावत होता, ती तशीच राहिली होती.

*

कोर्ट. मी तिथे नव्हते. पण हा किस्सा मी सहा तोंडांतून ऐकला आणि सहाही तोंडांनी तो सारखाच सांगितला.

डॉक्टरच्या दाखल्यात काही नव्हतं. पण पंचनामा दोन पानी, मुद्देसूद. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"जमादार, आरोपी क्रमांक एक कोण?"

"मनोहर टेलर, साहेब."

"आणि हा पंच क्रमांक एक कोण?"

जमादारांनी कागद हातात घेतला. पाहिला. पाहतच राहिले.

"मनोहर... टेलर, साहेब."

"म्हणजे आरोपीच्या खोलीवर धाड पडली, तेव्हा पंच म्हणून आरोपीच हजर होता?"

आता जमादारांची तीस वर्षांची नोकरी. कोर्टात प्रश्न आला, की छाती काढून उत्तर द्यायचं. त्यांनी दिलं!

"हो साहेब! तो तिथंच होता!"

म्हणे मॅजिस्ट्रेटसाहेबसुद्धा हसले. हसला नाही तो एकटा मनोहर. दोघंही सुटले. पण बॉन्ड तहसिलीतला, कोर्टाचा नाही, त्याची भानगड वेगळी. तो तसाच राहिला.

ह्यांना खुलासा मागितला. हे घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि ताटावर बसले.

"तुले दिसली नाई ती सही?"

मी पोळी उलटली. म्हटलं, "तुमीच सांगतलं होतं ना, खाली पाऊ नको म्हनून."

ह्यांनी ताट पुढे सरकवलं. दुसरी पोळी मागितली.

*

मुद्देमाल परत करायचा हुकूम झाला. मनोहर उशी न्यायला ठाण्यात आला. महिनाभर दुकान बंद होतं. खाकी आता मेडशीचा टेलर शिवत होता. जमादारांनी उशी दिली, पावतीवर सही घेतली. मग सवयीनं टेबलाच्या खणात हात घातला आणि दहा-बारा कोरे कागद त्याच्यासमोर सरकवले.

"लगे हात हेबी करून टाक."

मनोहरनं विचारलं, "कोनावर हाय?"

"अजून ठरलं नाई."

हे तिथेच बसले होते. घरी येऊन म्हणाले, मनोहरनं उशी काखेत धरली आणि उभ्याउभ्या सगळ्या सह्या केल्या.

*

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, दळणाची वेळ होती, मनोहर आमच्या खोलीच्या दाराशी आला. हे ड्यूटीवर. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात बांधलेला, उशीच्या निम्मा असेल एवढा पुडा. कडेनं कागद फाटला होता, त्यातून लाल-पांढरे पट्टे दिसत होते.

"बाई, तुमचं अक्षर साजरं हाय," तो म्हणाला. "याच्यावर पत्ता टाकून देता का? माह्या अक्षरात नाई चालत."

मी टाक आणला. दत्तू, काज-बटणवाला, मुक्काम आसेगाव.

"एकाच्या दोन केल्या," तो खाली पाहत म्हणाला. "शिवण आतून घेतली. दिसत नाई."

मग म्हणाला, "मी स्टँडवर गेलो, तं लोक पायतीन."

मी पुडा दळणाच्या टोपलीत ठेवला, वर फडकं टाकलं आणि चक्कीकडे जाते असं जमादारीणबाईंना सांगून निघाले. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा, जा. चक्कीवर गर्दी होईन."

स्टँडवर आसेगाववरून जाणारी मंगरुळपीरची गाडी लागली होती. चंदा खांबाला टेकून उभी होती. मी पुडा कंडक्टरच्या हातात दिला. त्यानं तो दाबून पाहिला, उलटा केला, पुन्हा दाबला.

"काय हाय वो बाई याच्यात? नरम लागून राह्यलं."

गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. लग्न झाल्यापासून परक्या माणसाशी मी एक शब्द बोलले नव्हते.

"मुद्देमाल," मी म्हटलं.